रामटेके साहेबांचं इन्स्पेक्शन

“मॅडम, ही खुर्ची रिजेक्ट आहे,” असं म्हणून रामटेके उभेच राहिले. “मागचा उजवा पाय आखूड आहे.”

मी खुर्ची हलवून पाहिली. खरंच आखूड होता. तिच्यावर आजवर कितीतरी वकील बसून गेले, पण एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

“बघितलंत?” त्यांच्या पत्नी लताबाई म्हणाल्या. “हे असं. डोळे उघडल्यापासून.”

हायकोर्टातून जज म्हणून निवृत्त झाल्यावर मी शनिवार पेठेत मीडिएशन करते, म्हणजे मध्यस्थी. कोर्ट काही खटले आमच्याकडे पाठवतं. आम्ही निकाल द्यायचा नसतो. दोघांना बोलतं करायचं. तोडगा त्यांच्याच तोंडून यावा लागतो. आयुष्यभर निकाल देत आलेल्या बाईला हे किती जड जातं, ते माझे यजमान सांगतील.

(नावं बदलली आहेत. पोळ्या खऱ्या आहेत.)

लताबाईंनी वेगळं राहण्यासाठी अर्ज केला होता. रामटेके खडकीत एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होते. मालात खोट दिसली की तो परत पाठवायचा, हे काम. निवृत्त झाले आणि तपासायला एकच खातं उरलं, स्वयंपाकघर.

“पोळ्या एका मापाच्या नाहीत म्हणतात,” लताबाई म्हणाल्या. “मीही मुख्याध्यापिका होते. मलाही रिटायर व्हायचंय. यांच्यापासून.”

“मी फक्त निरीक्षण नोंदवतो,” रामटेके म्हणाले.

“पट्टी लावून?”

“नजरेचा अंदाज चुकू शकतो.”

निकाल माझ्या जिभेच्या टोकावर आला होता. मी पाणी प्यायले.

मग दोघांना वेगवेगळं भेटले. याला आमच्याकडे कॉकस म्हणतात. समोर नवरा किंवा बायको नसली की माणूस खरं बोलतो.

आधी आलेल्या रामटेक्यांनी ती खुर्ची पुन्हा एकदा हलवून पाहिली. मग म्हणाले, “मॅडम, माझ्या सहीशिवाय तिथे मालाची गाडी गेटबाहेर जात नव्हती. आता माझ्यावाचून कुणाचंच अडत नाही. मग काहून उठायचं सकाळी?” इतकी वर्षं पुण्यात काढली, पण नागपूरकडचं ते ‘काहून’ तेवढ्यात निसटलंच.

लताबाई आत आल्या. “माणूस वाईट नाही हो. नवरा म्हणून ठेवीन मी. इन्स्पेक्टर म्हणून नको.”

“मग इन्स्पेक्टरचं काय करायचं?”

त्यांनी विचार केला. “आमच्या सोसायटीची लिफ्ट सारखी अडकते.”

तोडगा त्यांच्या तोंडून आला होता. मी चेहरा कोरा ठेवला. एवढी एक कला कोर्टाने शिकवली आहे.

दोघांना समोरासमोर बसवलं. लताबाई म्हणाल्या, “दाराबाहेरचं सगळं तुमचं. आतलं माझं.”

“आणि दार?” रामटेक्यांनी विचारलं.

“बाहेरची बाजू तुमची.”

सह्या झाल्या. लताबाईंनी अर्ज मागे घेतला. मी त्या दिवशी घरी जरा ऐटीतच गेले.

काही महिन्यांनी त्याच सोसायटीचे चेअरमन आणि सेक्रेटरी माझ्याकडे आले.

“मॅडम, रामटेक्यांना आवरा,” चेअरमन म्हणाले. “पार्किंगच्या रेषा दोनदा पुसायला लावल्या. नोटीस बोर्डावरचं माझं शुद्धलेखन लाल पेनने तपासलं. गणपतीचा उभा केलेला मांडव सोडायला लावला!”

“का?”

“खांब वाकडा होता,” सेक्रेटरी हळूच म्हणाले. चेअरमननी त्यांच्याकडे पाहिलं.

मीटिंग ठरली. एका बाजूला हे दोघे. दुसऱ्या बाजूला रामटेके, आणि त्यांना खेटून लताबाई.

“लिफ्ट आता अडकते का?” लताबाईंनी शाळेतल्या आवाजात विचारलं.

“नाही, पण वहिनी...”

“मांडव पडला?”

“नाही, पण हे जरा अतिच करतात, आणि...”

“यांना बोलायचं असेल तर मी बोलेन. तुम्ही नाही.”

रामटेके बायकोकडे बघत राहिले. तिच्यात त्यांना काही खोट सापडत नव्हती बहुधा.

शेवटी तोडगा निघाला. रामटेक्यांनी तपासणी फक्त सोमवारी करायची. चेअरमन हल्ली दर सोमवारी बहिणीकडे चिंचवडला जातात.

वाद मिटत नाहीत, त्यांचा पत्ता बदलतो, एवढं मी या कामात शिकले. मध्यस्थाने फक्त पाहायचं, की नवा पत्ता आपल्या घरचा नाही ना.