टर्बोचा स्क्रू

नशिराबादजवळ हायवेलगत गॅरेज चालवणारे ते मिस्त्री बोलण्याआधी नेहमी हात पुसायचे. चालू इंजिनाच्या बॉनेटवर तळवा टेकवून डोळे मिटायचे, आणि मगच काय बिघडलंय ते सांगायचे.

नानांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या गाडीला पळ वाढावा म्हणून मला टर्बोचं प्रेशर वाढवून हवं होतं. त्यासाठी दोन प्रकारचे कंट्रोलर मिळतात. एकाचा स्क्रू हाताने फिरवायचा, दुसरा इलेक्ट्रॉनिक.

"इलेक्ट्रॉनिक घ्या भाऊ," मिस्त्री म्हणाले. "इंजिन तापलं की तो स्वतःच प्रेशर कमी करतो. स्क्रू हाती असला की माणसाले मोह होतो."

मी हट्टाने स्क्रूवालाच बसवून घेतला. त्यांनी तो बेताचा लावला आणि "आता याले हात लावू नका," असं दोनदा बजावलं. आठवड्याभरात प्रेशर आणखी वाढवायला मी तो चांगलाच आवळला. भर उन्हात धुळ्याला जाताना पारोळ्याजवळ धूर निघाला आणि इंजिन बसलं.

गाडी ओढून गॅरेजवर आणली. मिस्त्रींनीच प्रेशर जास्त ठेवलं, असं मी नानांना सांगून टाकलं होतं. नाना सगळ्यांदेखत त्यांच्यावर कडाडले. मिस्त्रींनी वाकून स्क्रू पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. सावकाश हात पुसले.

"चुकलं नाना. माझ्याच हातून जास्त फिरला असंल."

मी शेजारीच उभा होतो.

नाना आजही ओळखीच्यांना त्या गॅरेजवर जाऊ नका म्हणून सांगतात. मी तेव्हाही शेजारीच असतो.