कोनाड्यातली काजळी

औरंगाबादेतल्या जुन्या मोहताजखान्याच्या दुरुस्तीचं काम माझ्याकडे होतं. निराधारांसाठी निजामाच्या काळात बांधलेल्या त्या खोल्यांत शेवटची एक म्हातारी उरली होती. पोलीस ॲक्शननंतर विधवा होऊन आलेली, तिथेच ऐंशीला टेकलेली. मी गेले की आधी पदराने उंबरा पुसायची, मग बसायला सांगायची.

तिची खोली रिकामी करायची होती. पाहणीला आलेले तज्ज्ञ मात्र तिच्या कोनाड्यापाशी थबकले. चुन्याच्या कमानीवरचा काळा थर त्यांना फार आवडला. "ही काजळी अजिबात काढू नका," ते मला म्हणाले, "इमारतीचा इतिहास आहे हा."

म्हातारी हसली. "अवो सायब, माझ्या रॉकेलच्या चिमणीची काजळी हाय ती. ती ठिवता अन् मला काढता व्हय?"

शहराबाहेरच्या वृद्धाश्रमात तिची सोय मी आधीच लावली होती.

सोमवारी टेम्पो घेऊन गेले, तर ती राखेने कोनाडा घासत होती. कमान पांढरी लख्ख निघाली होती. "माझं सामान हाय, न्यायला नको?" म्हणाली. काळं फडकं पिळून तिने पिशवीत टाकलं आणि टेम्पोत बसली.

तज्ज्ञ संतापले. आठवड्याभरात रंगारी बोलावून आम्ही कमान पुन्हा काळी करून घेतली.