तांब्याभर पाणी आणि लेव्हलचा भाव

शेलूबाजारच्या आमच्या घरात टाइल्स बसवायच्या होत्या, म्हणून एका मिस्त्रीला बोलावलं. गडी रिकाम्या हाताने आला आणि आईकडे तांब्याभर पाणी मागितलं. आम्हाला वाटलं, तहान लागली असेल. त्याने ते बैठकीत मधोमध ओतलं आणि कमरेवर हात ठेवून, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरून पाहत उभा राहिला. पाणी थेट दिवाणाखाली गेलं.

"फरशी हाय का घसरगुंडी?" तो म्हणाला. "कोन्या गाढवानं बसवली?"

मग त्याने टाइल्सच्या आधी जुनी फरशी उखडून जमीन लेव्हल करायचा भाव सांगितला. तो ऐकून मी दिवाणावर बसलोच.

"टाइल्सपेक्षा लेव्हलचेच पैसे जास्त?"

"टाइल्स दिसते, भाऊ. लेवल दिसत नाही. जे दिसत नाही, त्याचेच पैसे जास्त असते. देवाले नाही देत तुमी?"

आईने चहा आणला आणि सवयीने विचारलं, कुठला, कोणाचा. धनजचा, म्हणाला, आणि बापाचं नाव सांगितलं. बापही मिस्त्रीच होता, आता हयात नाही.

"मंग त्यायनंच बसवली होती हे फरशी," आई म्हणाली.

त्याने कप तसाच खाली ठेवला. बाहेर जाऊन खर्रा थुंकून आला. मग पहिल्यांदाच खाली बसला, खांद्यावरच्या दुपट्ट्याने पाणी पुसलं आणि फरशीवरून सावकाश तळहात फिरवला. मला वाटलं, आता भाव उतरणार.

उठून म्हणाला, "मंगाशी गाढवाच्या फरशीचा भाव सांगतला होता, भाऊ. बापाची उखडाचे जास्त लागन."