सेरोनेराचा चिक्कू

बाबा अनेलींशी रेडिओवर कोणी बोलायचं नाही, हे मी ठरवलं होतं. आमच्यातल्या किटोमारी ड्रायव्हरने नाही, सफारी कंपनीच्या ऑफिसने नाही, मी. आता सगळे म्हणतात की ते आपोआपच झालं, पण आपोआप काही झालं नव्हतं. अभयारण्यात शिरायच्या नाब्बीच्या नाक्यावर, चहा पिताना, मी टेबलावर हात आपटून म्हणालो होतो, "आजपासून त्या म्हाताऱ्याला एक शब्द सांगाल तर माझ्याशी गाठ आहे." माझा राग असा नाकावरच बसलेला असतो, आणि लोक त्याला घाबरतात, हे मला तेव्हा फार आवडायचं.

त्यांचं खरं नाव न्देसारिओ. पण आमच्याकडे बापाला पहिल्या लेकराच्या नावानेच हाक मारायची, म्हणून ते बाबा अनेली. अनेली एकुलती. लग्न होऊन दूर म्वांझाला गेली. बायको वारून नऊ वर्षं झाली होती. माचामेला डोंगराच्या उतारावर केळीच्या बागेत त्यांचं घर होतं, पण सुट्टीतसुद्धा ते तिथे चार दिवसांच्या वर टिकायचे नाहीत. पाचव्या दिवशी कंपनीच्या अरुशाच्या गॅरेजात हजर. "घरी भिंतीच बघायच्या ना," म्हणायचे, "त्यापेक्षा इथे निदान टायर तरी बघता येतात." त्यांना कोणी होतं तर ती हिरवी गाडी आणि आम्ही ड्रायव्हर लोक. तिसरं काही नव्हतं, आणि हे मला चांगलं माहीत होतं.

मला धंदा शिकवला तो त्यांनीच. मी कारातू गावाहून आलो तेव्हा मला वाटायचं, डोळे फाडून बघितलं की जनावर दिसतं. पहिल्याच आठवड्यात मी एका वारुळाकडे बोट दाखवून सिंह सिंह म्हणून ओरडलो, आणि चार गाड्या वळून त्या वारुळापाशी आल्या. बाबा हसले नाहीत. माझ्या शेजारी बसून म्हणाले, "सुल्ले, असं रोखून बघू नकोस. रोखून बघणाऱ्याला गवतच दिसतं. समोर रस्ता बघ आणि डोळ्याच्या कोपऱ्याला त्याचं काम करू दे. जनावर नेहमी कोपऱ्यातच सापडतं." मग त्यांनी पैज लावली. आधी ज्याला दिसेल त्याने दुसऱ्याच्या जेवणाच्या डब्यातलं उकडलेलं अंडं खायचं. पहिली दोन वर्षं मी एकही अंडं खाल्लं नाही. कोंबडीचा पाय आणि केळं यावरच दिवस काढले.

आम्हा सेरोनेराच्या ड्रायव्हरांत एक रीत आहे. जनावर दिसलं की रेडिओवर सांगायचं. पाहुण्यांना, म्हणजे पर्यटकांना, सिंहाचा स्वाहिली शब्द विमानातून उतरायच्या आधीच पाठ असतो, म्हणून आम्ही टोपणनावं वापरतो. सिंह म्हणजे मिशीवाला, हत्ती म्हणजे कानवाला, बिबट्या म्हणजे ठिपकेवाला. तू आज सांगायचंस, मी उद्या सांगेन, असं चालतं. ज्याला नुसतं घेणं माहीत आहे आणि देणं माहीत नाही, तो चिक्कू. ड्रायव्हरला यापेक्षा वाईट शिवी आमच्यात नाही.

बाबांनी अठ्ठावीस वर्षांत जेवढं सांगितलं तेवढं आम्हा सगळ्यांनी मिळून सांगितलं नसेल. पण एका पावसाळ्यानंतर त्यांचा रेडिओ गप्प झाला. आम्ही सांगितलं की येऊन उभे राहायचे, स्वतः मात्र काही सांगायचे नाहीत. मग मी पाहिलं, तर सकाळी माझी गाडी निघाली की त्यांची निघायची. मी वळलो की ते वळायचे. धुरळा खात माझ्या मागे.

"सावली पाळलीस वाटतं, सुल्ले," किटोमारी म्हणाला. हा किटोमारी मेरू डोंगराकडचा. तोंड बंद ठेवायला त्याला जणू डॉक्टरने मनाई केली आहे. "म्हाताऱ्याने दुकान बंद केलंय, आणि माल तुझ्या दुकानातून उचलतोय."

माझं डोकं फिरलं. ज्यांनी मला शिकवलं तेच माझ्याच शोधावर पाहुण्यांकडून वाहवा घेतात, आणि मला एक शब्द देत नाहीत? त्याच दिवशी मी नाब्बीला टेबलावर तो हात आपटला. आम्ही सगळे दुसऱ्या चॅनलवर गेलो आणि त्यांना कोणी सांगितलं नाही. जुन्या चॅनलवर ते एकटे राहिले. दोन महिने. रोज सकाळी बाहेर पडताना ते तिथे म्हणायचे, "सगळ्यांना सुप्रभात, रस्ता कसा आहे?" एकदा किटोमारीने मुद्दाम तो चॅनल लावून आम्हाला ऐकवलं, आणि उत्तराची वाट बघत बाबा पुन्हा एकदा तेच म्हणाले, तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. मीही हसलो, खोटं कशाला सांगू.

जेवायला सगळे खडकांपाशी जमायचे. आम्ही ड्रायव्हर एका गाडीच्या सावलीत आणि बाबा स्वतःच्या गाडीच्या. मध्ये पंधरा पावलं. बाबांना एक नवीच खोड लागली होती. काही बघायचं झालं की अख्खी मान वळवायची, शहामृगासारखी. किटोमारी त्याची हुबेहूब नक्कल करायचा. एकदा त्यांनी चहा पिताना शेजारी ठेवलेला थर्मास कोपराने लवंडवला. "बघा, थर्माससुद्धा याच्याजवळ राहत नाही," असं किटोमारी एवढ्या मोठ्याने म्हणाला, की पंधरा पावलांवर ते नक्की ऐकू गेलं असणार. बाबांनी थर्मास उचलला, झाकण हाताने चाचपून शोधलं आणि बसवलं. तेव्हा तरी मला कळायला हवं होतं.

मग जूनअखेरची ती सकाळ आली. आमच्याकडचा पाऊस संपून गवत पिवळं पडायला लागलं होतं. नदीच्या अलीकडच्या काठाला मी माझे चार पाहुणे घेऊन उभा होतो. पलीकडच्या काठावर एका पिवळ्या खोडाच्या बाभळीवर बिबट्या पसरला होता, चारही पाय फांदीच्या दोन्ही बाजूंना सोडून. पाहुण्यांचे कॅमेरे चालू होते. एवढ्यात पलीकडच्या वाटेने बाबांची हिरवी गाडी आली आणि अगदी त्या झाडाखाली थांबली. बिबट्या त्यांच्या उजव्या हाताला, डोक्यापासून फार तर तीन पुरुष उंचीवर. बाबांनी दुर्बीण काढली आणि समोरच्या, लांबच्या, रिकाम्या झाडाकडे लावली. मागे दोन म्हातारे पाहुणे, नवरा-बायको असावेत, तेही बिचारे तिकडेच बघत राहिले.

आधी मला वाटलं, वा रे पठ्ठ्या, आमच्यापासून लपवतोय! मी पलीकडे उभा आहे हे बघून सोंग करतोय. मी मनातल्या मनात एक सणसणीत शिवीही दिली. मग बाबांनी दुर्बीण खाली ठेवली, मान हलवून पाहुण्यांना नाही म्हणाले, आणि गाडी सुरू केली.

इतर ड्रायव्हरांपासून बिबट्या लपवणारा माणूस असू शकतो. स्वतःच्या पाहुण्यांपासून लपवणारा ड्रायव्हर अजून जन्माला यायचा आहे. त्यांना तो दिसलाच नव्हता. मग शहामृगासारखी मान, तो थर्मास, माझ्या मागची ती गाडी, सगळं एका झटक्यात माझ्या अंगावर आलं. ते माझा माल चोरत नव्हते. ते माझ्या डोळ्यांनी बघत होते, आणि ते डोळे मी काढून घेतले होते.

मी जुना चॅनल लावला.

"बाबा, थांबा. सुल्ले बोलतोय. थोडी मागे घ्या. अजून थोडी. बस. आता उजवीकडे, वर. खोडाला दोन फाटे फुटलेत ना, त्याच्या वरची आडवी फांदी. शेपूट लोंबतंय बघा खाली."

रेडिओ खरखरला. मग गाडीच्या उघड्या छतातून बाबा उभे राहिले आणि त्यांनी हात वर केला. त्यांचं बोट हातभर चुकीच्या जागी होतं. पण बोट वर गेलं की पाहुणा शोधतोच. ती म्हातारी बाई तोंडावर दोन्ही हात ठेवून उभी राहिलेली मला इकडून दिसली. बाबांनी बिबट्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते नदीपलीकडे, माझ्या गाडीच्या दिशेला तोंड करून उभे होते.

"ऐकलं," एवढंच ते रेडिओवर म्हणाले.

दुपारी खडकांपाशी ते पंधरा पावलं चालून माझ्या गाडीशी आले. बाकीचे अजून यायचे होते. त्यांनी आपल्या डब्यातलं उकडलेलं अंडं काढून माझ्या बॉनेटवर ठेवलं.

"घे. तू आधी पाहिलास."

"बाबा, डॉक्टरला दाखवलंत?"

"दाखवलं. काचबिंदू. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता म्हणे. हा कडेकडेने खातो, लहान पोर चपाती कुरतडतं ना, तसा. मधलं सगळं स्वच्छ दिसतं, सुल्ले. रस्ता दिसतो, तुझं नाक दिसतं. कोपरे गेले. थेंब घालतो, आहे तेवढं टिकलं तर टिकलं. गेलेलं काही परत येत नाही."

"मग आम्हाला सांगायचं ना! आम्ही काय परके होतो? रोज कोणी ना कोणी तुमच्या पुढे राहिलं असतं. दाखवलं असतं तुम्हाला."

"तेच नको होतं मला." त्यांनी अख्खी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "सकाळी तू माझ्याशी कसा बोललास, आठवतंय? उजवीकडे, वर, फाट्यापाशी, शेपूट बघा. असं आपण कोणाशी बोलतो?"

मी बॉनेटवरचं अंडं घरंगळू नये म्हणून धरलं.

"पाहुण्यांशी," तेच म्हणाले. "अठ्ठावीस वर्षं मी दाखवणारा होतो. आज मला दाखवलं गेलं. तू चांगल्या मनाने केलंस, मी काही तुला दोष देत नाही. पण आता मला त्या सीटवर बसता येणार नाही. आणि खरं सांगू? परवा रानडुकराचं पिल्लू आडवं आलं, ते मला चाकाखाली गेल्यावर कळलं. उद्या कोणाचं लेकरू असेल. उद्याच चाव्या देतो ऑफिसात. गुडघे गेले म्हणून सांगेन."

मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग कोणावर काढावा ते कळत नव्हतं. "मी आत्ता सगळ्यांना सांगतो," मी म्हणालो. "त्या किटोमारीला तर तुमचे पाय धरायला लावतो. सगळ्यांना वाटतं की तुम्ही—"

"चिक्कू. माहीत आहे. वाटू दे."

"वाटू दे काय? तुम्ही!"

"सुल्ले, चिक्कू म्हटलं तरी ड्रायव्हरलाच म्हणतात ना? ज्याला दिसतं आणि जो सांगत नाही, तो चिक्कू. मला तेवढं राहू दे. आंधळा झाला होता बिचारा, असं एकदा म्हणाले की मागची सगळी वर्षंही लोक हळहळत आठवतील. अमका बिबट्या याला खरंच दिसला होता की कोणी सांगितला होता, असं म्हणतील. तू कोणाला सांगणार नाहीस. आईची शपथ घे."

मी घेतली. काय करणार होतो? एवढ्यात किटोमारीची गाडी आली, मागोमाग बाकीच्यांच्या. उतरल्या उतरल्या त्याने बॉनेटवरचं अंडं पाहिलं. "अरेच्चा! चिक्कूने अंडं दिलं? सुल्ले, फोडून बघ रे, आत रिकामं असेल!" सगळे हसले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग मीही हसलो, आणि ते समाधानाने आपल्या पंधरा पावलांवर परत गेले. ते अंडं मी सगळं खाल्लं, कारण बाबा बघत होते.

त्याला आता वर्ष होऊन गेलं. चहाच्या टेबलावर अजून त्यांचा विषय निघतो. "जाताना सगळे बिबटे माचामेला घेऊन गेला म्हातारा," किटोमारी म्हणतो. मी हसतो. कधी कधी मीच एखादी भर घालतो. त्या टेबलावर पाच-सहा जण असतात, सगळे माझे जुने मित्र, आणि त्यांच्यात बसून मला इतकं एकटं वाटतं, की मी चहा अर्धा टाकून टायर बघायला उठतो. शपथ ड्रायव्हरांपुरती होती, असं मी धरलंय. तुम्ही काही सेरोनेराला गाडी चालवत नाही, म्हणून तुम्हाला सांगितलं.

गेल्या डिसेंबरात मी माचामेला गेलो होतो. बाबा केळीच्या सावलीत बाकावर बसले होते, अगदी सरळ, स्टिअरिंगपुढे बसावं तसे. शेजारची बाई दोन वेळा जेवण आणून देते. अनेलीचा रविवारी फोन येतो. मी वाटेवरून हाक मारली तरी त्यांना मी कुठे आहे ते दिसेना. त्यांनी दोन्हीकडे मान फिरवली, शेवटी मी समोर येऊन उभा राहिलो, तेव्हा हसले. मी त्यांच्यासाठी चहा आणि साखर नेली होती. मी पावसाचं सांगितलं, रस्त्याचं सांगितलं, नदीकाठच्या त्या बिबट्याला दोन पिल्लं झाल्याचं सांगितलं. ते हं हं करत होते, पण त्यांना दुसरंच काही विचारायचं होतं.

मी निघायला उठलो तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं.

"सुल्ले, अजून चिक्कूच म्हणतात ना रे मला?"

"हो, बाबा. रोज म्हणतात."

"मग बरं आहे," ते म्हणाले, आणि त्यांनी माझा हात सोडला.