गाडी कोणी बांधली

मंदीत दुबईतल्या आमच्या कंपनीने माणसं काढायला घेतली, तेव्हा पहिल्याच फेरीत माझा नंबर लागला. मी मेकॅनिकल इंजिनिअर, एसी डक्टिंगचं डिझाइन करायचे. मॅनेजर म्हणाला, "तुमच्या मिस्टरांची नोकरी आहे ना? मग टेन्शन कसलं?" माझ्याहून ज्युनिअर असलेल्या दोघा पुरुषांना त्याने ठेवलं. त्यांना म्हणे घर चालवायचं होतं. मला नवऱ्याच्या व्हिसावर जावं लागलं. पासपोर्टमध्ये छापून आलं, हाउसवाइफ. आजही तो शब्द आठवला की कानशिलं तापतात.

नवऱ्याचाही पगार कापला, म्हणून अल बर्शातला फ्लॅट सोडून आम्ही तासाभरावरच्या उम्म अल कुवैनला एका जुन्या व्हिलात राहायला गेलो. भाडं कमी, अंगण मोठं, अंगणात पत्र्याची शेड. त्या शेडमध्ये नवऱ्याची गाडी आणून ठेवली. लांब नाकाची, दोन दारांची, आठ सिलिंडरची जुनी अमेरिकन मसल कार. तेजीत हौसेने घेतली आणि बेसमेंट पार्किंगमध्ये सडत ठेवली होती.

तो दुबईला आणि मुलगी शाळेत गेली की मी शेडमध्ये शिरायचे. गाडीतली चटई उचलली तर खालचा पत्रा गंजून चाळणी झालेला. वेल्डिंग शिकले, हात भाजून घेतले. इंजिन पूर्ण खोललं, बांधलं. इथल्या उन्हात ते तापणारच, म्हणून मोठा रेडिएटर आणि इलेक्ट्रिक पंखा बसवला. मूळचे ब्रेक त्या ताकदीला पुरे पडेनात, तर पुढे डिस्क ब्रेक लावले. स्पेअर पार्टवाला दरवेळी म्हणायचा, "मॅडम, साब को भेजो." मी म्हणायचे, "साब को कुछ नहीं आता." तो हसायचा. मी विनोद करत नव्हते.

मुलगी नाक मुरडायची. "मम्मा, यू स्मेल ऑफ पेट्रोल."

गाडी रस्त्यावर आली. एका शुक्रवारी सकाळी समुद्रकिनारी जुन्या गाड्यावाले जमले होते, तिथे आम्ही ती घेऊन गेलो. बॉनेटभोवती पुरुषांचा घोळका झाला. कोणीतरी विचारलं, "किसने किया?" नवरा म्हणाला, "बस, वीकेंड को थोडा थोडा करता गया." मी शेजारीच उभी होते, चहाचा थर्मास घेऊन.

परतताना मी विचारलं, "कोण करत गेलं?"

"अगं, बोलायची पद्धत असते. तू आणि मी काय वेगळे आहोत?"

"मग तुझी नोकरी राहिली आणि माझी का गेली?"

त्याने रेडिओ लावला.

पुढच्या शुक्रवारी ती मंडळी गाडी बघायला आमच्याकडे येणार होती. आदल्या दिवशी मी कार्बोरेटर काढला, खालचं इंजिनाचं तोंड फडक्याने झाकलं आणि कार्बोरेटर स्वयंपाकघरात ओट्याखाली ठेवला. सकाळी नवऱ्याने किल्ली फिरवली. इंजिन नुसतं घरघरलं. त्याने बॉनेट उघडलं आणि तो ओरडला, "चोरी झाली!"

"काय गेलं?"

"ते... वरचं."

"वरचं काय?"

त्याने रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं. त्याला नाव सांगता येईना. ज्या भागातून त्या इंजिनाला पेट्रोल आणि हवा मिळते, त्याचं नाव.

"माझ्याकडे आहे," मी म्हटलं. "गाडी कोणी बांधली ते त्यांना सांग, मग लावते."

"लोकांसमोर तमाशा करणार आहेस?"

"मागच्या शुक्रवारी तू केलास तो काय होता?"

फाटकाशी गाड्यांचे आवाज यायला लागले होते. ते आत आले, आणि त्याने मान खाली घालून सांगितलं, "मी नाही. हिने केली." एकजण "वाह भाभी!" म्हणून टाळ्या वाजवायला लागला, जणू पुरणपोळी छान झाली होती. मी कार्बोरेटर आणला, त्यांच्यादेखत बसवला, गाडी सुरू केली. त्यांच्यातला एक वयस्क गृहस्थ तेवढा वाकून डिस्क ब्रेकबद्दल नीट विचारत राहिला.

सगळे गेल्यावर नवरा म्हणाला, "झालं ना समाधान?"

"नाही," मी म्हटलं. "तुला भाग पाडावं लागलं."

आठवडाभर आमच्यात कामापुरतंच बोलणं होतं. मग तो स्वतःहून म्हणाला, गाडी तुझ्या नावावर करू. आम्ही ट्रॅफिकच्या ऑफिसात गेलो. काउंटरवरच्या माणसाने मुल्किया, म्हणजे गाडीच्या नोंदणीचं कार्ड, हातात घेतली आणि नेहमीप्रमाणे नवऱ्याकडे बघून इंजिनाबद्दल काहीतरी विचारलं. नवऱ्याने तोंड उघडलं, मिटलं आणि तो एक पाऊल मागे सरकला.

उत्तर मी दिलं.