हरणाबाईसाठी हलका राखणदार

आटपाडीच्या अलीकडं माळावर एक वस्ती आहे, तिथं सिद्धू राहतो. तरुणपणी बापाबरोबर मेंढरं घेऊन कऱ्हाडपर्यंत हिंडला. लग्न झाल्यावर मेंढरं थोरल्या भावाच्या हवाली केली आणि हायस्कुलात शिपाई म्हणून चिकटला, तो निवृत्त होईपर्यंत. शाळेतल्या कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली त्याच्याकडं असायची. खोली उघडायची, धूळ पुसायची, यंत्रं चालू करायची आणि सर येईपर्यंत कुणाला हात लावू द्यायचा नाही, एवढंच त्याचं काम. तेवढ्यावर गाव त्याला कॉम्प्युटरवाला सिद्धू म्हणू लागलं, आणि खोटं कशाला बोला, त्यालाही ते गोड लागायचं.

त्याच्या बायकोला, हरणाबाईला, ऐकू येत नाही. इंद्रजित हा त्यांचा एकुलता मुलगा पाळण्यात असताना तिला मोठा ताप आला आणि जाताना कान घेऊन गेला. तेव्हापासून ती समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखते. मिशीवाल्याचं तिला काही कळत नाही, म्हणून सिद्धूनं हौसेनं वाढवलेल्या मिशा एका सकाळी कायमच्या उतरवल्या. वस्तीवर लोक हसले. त्यानं हसू दिलं. पण हरणाबाईला सगळ्यांत चांगलं कळतं ते इंद्रजितचं. तो बोलायला शिकला तोच आईपुढं मांडी घालून, तोंड नीट उघडून. बापाचं बोलणं ती अंदाजानं जुळवते, लेकाचं मात्र अख्खं वाचते.

हा इंद्रजित गेला तमिळनाडूत सेलमला, गलाईच्या दुकानात. सोनारांचं जुनं सोनं तेजाबात घालून शुद्ध करायचं, हा आपल्या भागातल्या पोरांचा देशभर पसरलेला धंदा. जाताना त्यानं आपला जुना कॉम्प्युटर सोप्यात मांडून दिला, वायरचं इंटरनेट जोडून दिलं आणि ठरवलं की दर रविवारी जेवणवेळेला तोंड दाखवायचं. मोबाईलवर माणसाचे ओठ नखाएवढे दिसतात, त्यात हरणाबाईला काय उमगणार? मोठ्या पडद्यावर तोंड तोंडाएवढं दिसायचं. रविवारी ती न्हाऊन, ठसठशीत कुंकू लावून स्टुलावर बसायची आणि लेकाशी तासभर बोलायची. सिद्धू बाजूला नुसता बसलेला असायचा, त्याची कुणाला गरज नसायची, आणि त्याचं त्याला फार बरं वाटायचं.

मग एके दिवशी पडद्यावर लाल चौकट आली. इंग्रजी सगळं वाचता आलं नाही, पण व्हायरस हा शब्द त्याच्या ओळखीचा होता. शाळेत एकदा तो शिरला होता तेव्हा सगळी यंत्रं कुलूप घातल्यासारखी बंद पडली होती आणि पुढं महिनोन्‌महिने तशीच राहिली. यंत्र बंद पडलं तर रविवार बंद पडणार. त्यानं त्याच दिवशी एक फुकटचा अँटीव्हायरस शोधून बसवला.

इथं शहरातला माणूस थांबला असता. सिद्धू मेंढक्याच्या पोटचा. एका कुत्र्यावर मेंढरांचा वाडा सोपवून झोपणारा मेंढका त्यानं जन्मात पाहिला नव्हता. एक पेंगलं तरी दुसरं जागं असायला पाहिजे. म्हणून त्यानं दुसरा अँटीव्हायरस बसवला. रात्री मेंढरांभोवती जाळी लावतात, तशी जाळीही हवीच, म्हणून वेगळी फायरवॉल बसवली. ती प्रत्येक गोष्टीला विचारायची, ह्याला येऊ देऊ का? सिद्धूला नावं कुठं कळतात! अनोळखी दिसला की नाही म्हणायचं, हा शाळेच्या फाटकावरचा नियम त्यानं तिथंही लावला. पुढं फार उशिरा त्याला एक गोष्ट आठवली, आणि त्यानं कपाळावर हात मारला. दोन नवखी कुत्री एका वाड्यावर सोडली की ती लांडगा बघत नाहीत, एकमेकांना फाडतात. हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. पण कॉम्प्युटरसमोर बसला की माणूस आपलं शहाणपण चपलेबरोबर बाहेर ठेवतो.

पुढच्या रविवारी इंद्रजितचा चेहरा आला आणि तिथंच थिजला. आवाज येत होता, तोंड अर्धं उघडं, डोळे अर्धे मिटलेले. हरणाबाई पुढं वाकून त्या न हलणाऱ्या ओठांकडं बघत राहिली.

"काय म्हणतोय वो?" तिनं विचारलं.

"बरा हाय म्हणतोय," सिद्धूनं तोंड मोठं उघडून सांगितलं.

त्या रविवारनंतर तसेच रविवार येत गेले. फोटो अडकलेला, आवाज चालू. इंद्रजितलाही ते कळलं आणि नकळत त्याची एक सवय झाली. आईला आपलं काही समजत नाही, म्हणून तो बापाशी मोकळा बोलू लागला. मालक लय बोलतो. खोलीत हवा नाही. खोकला जात नाही. "आईला सांगू नगा, आबा," असं प्रत्येक वेळी शेवटी. आणि सिद्धू बायकोकडं वळून सांगायचा, बरा हाय, जेवतोय चांगला, तुझी आठवण काढतोय. हरणाबाई मान हलवायची. एकदा ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की. माझ्यापायी किती तरास घेतासा? फोटू तर बघतीया न्हवं मी." तिनं हे समजूतदारपणानं म्हटलं, आणि सिद्धूला त्याचंच जास्त लागलं. तो उठून गोठ्यात गेला आणि विनाकारण शेण ओढत बसला.

आटपाडीत मायाचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. सिद्धू तिच्याकडं गेला.

"मामा, यंत्र जुनं हाय तुमचं, मेमरी लय थोडी," ती म्हणाली. "ह्याला हलका अँटीव्हायरस लागतोय. तुमी ह्याच्या पाठीवर तिघं बसवल्यात, ते बिचारं चालंल कसं?"

"मग हलका कंचा?"

इथंच सगळी पंचाईत होती. मायानं एक सांगितला, तो हलका खरा, पण जाहिराती दाखवून जीव नकोसा करणारा. दुसरा त्याहून हलका, पण इंटरनेटवर टेकून चालणारा, आणि वस्तीवरचं इंटरनेट वारा सुटला तरी जायचं. तिसऱ्याचं ती स्वतःच म्हणाली, चांगला होता, आता भरवसा नाही. "खरं सांगू का? विंडोजचा स्वतःचा राखणदार आत हायच, फायरवॉल पण हाय. तेवढं बास. बाकी काढून टाका."

सिद्धूला हे पटेना. जो आत फुकट बसलाय आणि कधी भुंकलेला ऐकू आला नाही, त्याच्यावर लेकाचं तोंड सोपवायचं? त्यानं घरी येऊन आधीचे काढले नाहीतच, उलट तो जाहिरातवाला हलका तेवढा आणखी बसवला. त्या हलक्यानं व्हायरस शोधायची आठवड्याची झडती नेमकी रविवारी जेवणवेळेला सुरू केली. त्या दिवशी चेहरासुद्धा आला नाही. काळ्या चौकटीतून इंद्रजितचा खोकला तेवढा आला, तोही एकट्या सिद्धूला ऐकू गेला. हरणाबाई कुंकू लावून काळ्या पडद्यासमोर बसली होती. "आज कामावर आसंल," ती म्हणाली. सिद्धूनं हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मग त्यानं काढायला घेतले. पण बसवायला सोपी असलेली ही मंडळी निघायला तयार नव्हती. एकाला काढलं की यंत्र बंद करून चालू करा म्हणायचं. चालू केलं की तो परत कोपऱ्यात हजर. फायरवॉल काढायला गेला तर तिनं त्यालाच अनोळखी ठरवलं. आपल्याच घरात, आपल्याच खुर्चीवर बसून सिद्धूला रडू आलं. ज्याला गाव कॉम्प्युटरवाला म्हणतं त्याला बायकोपुरता एक चेहरा हलवता येईना. पाठीमागून हरणाबाईनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

शेवटी त्यानं कॉम्प्युटरचा डबा घोंगड्यात गुंडाळला आणि एसटीत मांडीवर घेऊन मायाच्या दुकानात नेला. तिनं दिवसभर खपून सगळे पाहुणे बाहेर काढले, आतला एकच राखणदार ठेवला, फायरवॉलला इंद्रजितच्या कॉलची ओळख करून दिली आणि झडतीची वेळ मंगळवारवर नेली. "आता काय बी बसवू नका, मामा. हात जोडते," असं म्हणून तिनं खरंच हात जोडले.

रविवार आला. सिद्धूनं यंत्र चालू केलं. कॉल वाजला, चौकट उघडली, आणि इंद्रजितनं पापणी मिटली. परत उघडली. तो मान वळवत होता, घसा खाकरत होता, त्याच्या मागं दोरीवरचा टॉवेल वाऱ्यानं हलत होता. सिद्धूला इतका आनंद झाला की त्याला काही सुचेना. चाललं, चाललं, एवढंच त्याच्या मनात. लेकाला सांगायला पाहिजे की आज चित्र हलतंय, हे त्या आनंदात राहूनच गेलं.

इंद्रजितनं नेहमीसारखं सुरू केलं.

"आबा, आईला कळू देऊ नगा. मी दिवाळीला येत न्हाई. छातीचा फोटू काढला काल. तेजाबाच्या धुरानं फुफ्फुस खराब झालंय म्हणतोय डॉक्टर. दवाखान्यात ऱ्हावं लागंल."

लहानपणापासूनच्या सवयीनं तो एकेक शब्द तोंड नीट उघडून बोलत होता.

सिद्धूनं वळून बायकोकडं पाहिलं. तिची नजर पडद्यावरच्या ओठांवर होती, आणि कुंकवाखालचा तिचा सगळा चेहरा उतरत चालला होता. पडद्यापुढं हात धरावा, वायर ओढावी, काहीतरी करावं असं त्याला वाटलं, पण हात उचलेना.

"आई काय म्हणतीया? तिला दिसतंय का काय?" इंद्रजितनं विचारलं.

हरणाबाईनं पदरानं तोंड पुसलं. मग स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू न येणारी माणसं बोलतात तशी मोठ्यानं म्हणाली, "फोटू आजून आडकल्यालाच हाय रं बाळा. मला काय बी उमगंना. तू बोल आबासंगं, काय आसंल ते समदं सांग."

आणि ती स्टूल आणखी पुढं ओढून बसली.