ओल्या चुन्यातल्या रेघा

उदगीरच्या चौबाऱ्यापासून किल्ल्याकडे जाणारी ती जुनी गल्ली मला लहानपणी फार आवडायची. दगडी जोती, त्यावर मातीच्या जाड भिंती, आणि वरचे मजले इतके पुढे आलेले की समोरासमोरच्या बायका खिडकीतूनच विरजण द्यायच्या-घ्यायच्या. काकांना, म्हणजे मावशीच्या यजमानांना, त्या गल्लीचा भलता अभिमान. ते शाळेत इतिहास शिकवायचे. पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला किल्ल्याच्या दरवाजापर्यंत फिरवून आणायचे, मग त्या बिचाऱ्याचे पाय दुखोत नाहीतर चपला तुटोत.

भूकंपाच्या वर्षी, दसऱ्याच्या तोंडावर, आई मला तिथं घेऊन गेली, पण हिंडाफिरायला नाही. मी अकरावीत होते. बाबांना मला लातूरला शिकवणीसाठी ठेवायचं होतं. आमच्या अहमदपुरातलं हुशार म्हणवणारं प्रत्येक पोर तिकडंच चाललं होतं. आईनं मात्र धसका घेतला होता. लातूरचं नाव काढलं की तिच्या हातातलं काम थांबायचं. उदगीरला तेवढं काही झालं नाही, तिथं आपली माणसं आहेत, शिकवण्या तिथंही निघाल्यात, असं म्हणत तिनं मला मावशीकडं ठेवायचं पक्कं केलं. मला कुणी विचारलं नाही. आमच्या घरात तशी पद्धतच नव्हती.

"वरची खोली तुझीच गं," मावशी दारातच म्हणाली. "कालच चुना मारून घेतला."

ती आणि आई बोलत बसल्या, काकांनी टोपी चढवली आणि मला बाहेर काढलं.

गल्ली एवढी देखणी मी कधी पाहिली नव्हती, आणि तेच मला खटकलं. दसऱ्याआधी घर झाडायचं, भेगा लिंपायच्या, चुना मारायचा, ही आमच्याकडची रीत. त्या वर्षीही ती कुणी चुकवली नव्हती. जमीन हादरून महिनाही झाला नव्हता आणि एकूण एक भिंत पांढरीशुभ्र. कुठली हलली, कुठली टिकली, हे कळायला जागाच ठेवली नव्हती. माणसं मात्र आत नव्हती. भरदुपारी रस्त्यात बाजा टाकलेल्या, चुली दाराबाहेर आलेल्या, दारं लागू नयेत म्हणून उंबऱ्यांवर दगड ठेवलेले. आपापल्या घराकडं पाठ करून सगळे बसले होते. पोरंसुद्धा ओरडत नव्हती.

"बहामनी काळापासूनची वस्ती हाय ही," काका सांगत होते. "एवढा हादरा बसला, पण एक दगड हालला न्हाई."

बाजेवरच्या एका म्हातारीनं त्यांच्याकडं पाहिलं आणि मान फिरवली.

आभाळ भरून आलं होतं, त्यामुळं चुना पुरता वाळला नव्हता. वाळलेल्या जागा पांढऱ्या झाल्या होत्या, पण लिंपलेल्या भेगांनी ओल धरून ठेवली होती. भिंतीभर करड्या रेघा उमटल्या होत्या. एका घरावर खिडकीपासून खाली जोत्यापर्यंत, दुसऱ्यावर दाराच्या चौकटीतून तिरपी वर गेलेली. एकदा एक दिसली आणि मग मला दुसरं काही दिसेना. मी रस्त्याच्या मधोमध चालायला लागले. काकांचा आवाज चढत गेला. त्यांनाही त्या दिसत असणार, असं मला वाटतं. किल्ल्याचा दरवाजा दिसायच्या आतच मी म्हटलं, "काका, माघारी चला." ते लगेच वळले, ह्याचीच मला जास्त भीती वाटली.

घरी आल्यावर मी तडक वर गेले. खोलीत बाज, उशाशी खिडकी, नवी चादर. आणि बाजेच्या डोक्याशी भिंतीत आढ्यापासून जमिनीपर्यंत उतरलेली करडी रेघ. मी आईला हाक मारली. तिनं रेघेवर तळवा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

"अक्का, हे कधी लिंपलंस?"

"आधी हेच केलं बघ. पोरगी भेग बघून भ्याली असती," मावशी म्हणाली. तिच्या बोलण्यात लपवाछपवी नव्हती. तिनं ते मायेनंच केलं होतं.

आईनं माझी पिशवी उचलली. तुम्ही दोघंही आमच्याकडं चला, म्हणून तिनं विनवलं, पण मावशीला ते फार लागलं. घर सोडून कुठं जाऊ, असं म्हणून ती चुलीपाशी जाऊन बसली. आम्ही न जेवता एसटी गाठली. महिनाभरात मी लातूरला, पत्र्याच्या खोलीत, आणखी तिघींबरोबर राहायला गेले. तिथं उन्हानं डोकं उठायचं, पण झोप लागायची.

संक्रांतीला रुसवा काढायला म्हणून आई आणि मी पुन्हा उदगीरला गेलो. खोली भाड्यानं दिली होती. आतमध्ये माझ्याच वयाची एक मुलगी बाजेवर पुस्तक घेऊन बसली होती, औशाकडच्या कुठल्याशा खेड्यातली, शिकवणीला आलेली. भिंतीला निळा तेलरंग लावला होता. आता रेघ कुठं होती ते सांगता आलं नसतं.

मावशी दारात उभी असतानाच आई त्या मुलीजवळ बसली. "पोरी, ह्या भिंतीपाशी झोपत जाऊ नको. आतून फाटलीय ती."

मावशीनं पदर तोंडाला लावला. मुलीनं पुस्तक मिटलं नाही.

"ठाव हाय, काकू," ती म्हणाली. "आमचं समदं घर गेलं. हे उभं तरी हाय."

मग तिनं उशी भिंतीला लावली, पाठ टेकली आणि वाचायला लागली.